बिलावर सेलम, बेडवर भलतंच: डीएनए तपासून हळदीचं वाण ठरवता येतं का?

हळदीचं_रान (वाळवा तालुका)

मंडळी, थेट विचारते. अक्षयतृतीयेला आमच्याकडं दोन ठिकाणचं बेणं लागलं. निम्मं घरचं, सासऱ्यांनी वर्षानुवर्षं राखलेलं जुनं सेलम. निम्मं विकतचं, बिलावर ‘शुद्ध सेलम’ असं ठसठशीत लिहिलेलं. ड्रिप तेच, डोस तोच, भरणी एकदमच केलेली. आता श्रावणात घरच्या बेडवर सगळं एकसारखं उभं आहे, आणि विकतच्या बेडवर नुसती जत्रा. चार झाडं रुंद, गर्द पानांची, की मध्येच एक फिकट, पान सपाट पसरलेलं.

बेणेवाल्याला फोन केला तर म्हणतो, “वहिनी, जमिनीचा फरक असतो.” एकाच सरीत, हातभर अंतरावर दोन जमिनी कुठल्या हो? सासऱ्यांनी पान हातात धरलं आणि म्हणाले, “ही राजापुरी.” पण त्यांचं तोंडी, त्याचंही तोंडी. भांडायचं कशावर?

त्यात औषधी अर्क काढणारा एक खरेदीदार चौकशी करून गेलाय. त्याला वाणाची खात्री लेखी पाहिजे. पुतण्या कोल्हापुरात बायोटेक शिकतो, तो म्हणतो डीएनए मार्कर लावा. मग पान दिलं की ‘हे सेलम, ही राजापुरी’ असं कागदावर मिळतं का? शिजवून वाळवलेलं हळकुंड दिलं तर चालतं का? आणि करक्युमिनचा, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या औषधी घटकाचा, आकडा त्यातच येतो का?

मार्केटयार्ड_सांगली

सौद्याला आजवर कुणी डीएनए विचारलेला नाही. हळकुंड मोडायचं, गाभा बघायचा, बोली लावायची. राजापुरी वाईट असं कुणी म्हणू नये, गुजरात-राजस्थानात तिला गिऱ्हाईक आहे. वांधा होतो तो मिसळीचा. आखूड जाड हळकुंडं कच्ची राहतात तोवर बारकी जास्त शिजतात, आणि पॉलिशला गेल्यावर सगळं उघडं पडतं. हरिपूरची बहुतेक पेवं (हळद साठवायची जमिनीतली कोठारं) 2005 च्या पुरानं खाल्ली, नाहीतर चला म्हटलं असतं, तिथंच जुना माल दाखवतो. तपासणीला पैसे घालण्यापेक्षा पुढच्या साली घरचंच बेणं वाढवा.

जेल_आणि_पट्टे

ताई, मी वनस्पतींच्या डीएनएवरच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या बाजूची गोष्ट. हळद त्रिगुणित आहे, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच, एकूण 63 गुणसूत्रं. बी जवळपास धरतच नाही, वाढ गड्ड्या-हळकुंडांवरूनच. म्हणजे एका वाणाची सगळी झाडं मुळात एकाच झाडाच्या प्रती. जमीन, पाणी, खत यांनी पानाचा रंग बदलेल, पण डीएनएचे पट्टे, म्हणजे मार्करनं उचललेले डीएनएचे तुकडे जेलवर ज्या रेघांत दिसतात त्या, बदलत नाहीत. गर्द आणि फिकट झाडांचे पट्टे प्रत्येक वेळी वेगळे आले तर ‘जमिनीचा फरक’ हे उत्तर तिथंच संपलं. मिसळ सिद्ध करणं हे मार्करचं हुकमी काम आहे.

वाणाचं नाव देणं मात्र अवघड. यंत्रातून ‘सेलम’ असा शब्द बाहेर पडत नाही, फक्त पट्टे पडतात. शेजारी खात्रीच्या सेलमचा आणि खात्रीच्या राजापुरीचा नमुना चालवलेला असेल तरच नाव लावता येतं. असे नमुने संशोधन केंद्रातूनच मागायचे. कसबे डिग्रजचं केंद्र तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे, कृष्णा आणि फुले स्वरूपा ही वाणं तिथलीच. प्रतिभा, प्रगती कोझिकोडच्या मसाला पिके संशोधन संस्थेची. आणि एक कटू गोष्ट: बाजारात ‘सेलम’ नावाखाली इतकी वर्षं इतकं बेणं फिरलंय की तुमचं घरचं सेलमही केंद्राच्या नमुन्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही. सासऱ्यांना हे हळूच सांगा.

लॅबला विचारताना मार्कर कुठला ते विचारा. आरएपीडी हा प्रकार स्वस्त, पण आज दिसलेला पट्टा उद्या दिसत नाही, दुसऱ्या लॅबमध्ये तर मुळीच नाही. तो घेऊन भांडायला जाऊ नका. आयएसएसआर बरा. एसएसआर सगळ्यात भरवशाचा, तोही एक-दोन नव्हे, बरेच एकत्र लावलेले, कारण आपली वाणं एकमेकांची जवळची नातेवाईक आहेत. हळद त्रिगुणित असल्यानं एकाच जागी तीन-तीन पट्टे येऊ शकतात. नवखा माणूस ते बघून नमुनाच भेसळीचा ठरवतो.

‘डीएनए बारकोडिंग’ची जाहिरात दिसली तर थांबा. त्यात मॅट-के, आरबीसी-एल, आयटीएस हे डीएनएचे ठरावीक भाग वाचतात, आणि त्यांचा पल्ला जातीपर्यंतच (स्पीशीज), वाणापर्यंत नाही. दोन्ही पाकिटांवर ‘करक्युमा लोंगा’, म्हणजे नुसतं ‘हळद’, असा अहवाल येईल. तो शंभर टक्के बरोबर असेल आणि तुमच्या काडीच्या कामाचा नसेल.

हळकुंडाचं म्हणाल तर शिजवताना डीएनएचे तुकडे होतात. पावडरीत रानहळद मिसळली आहे का हे एससीएआर मार्करनं ओळखण्याचं काम कोझिकोडच्या शास्त्रज्ञांनी केलंय, पण तिथं प्रश्न वेगळ्या जातीचा होता. वाणासाठी ताजं पानच द्या.

करक्युमिन यात येत नाही. ते एचपीएलसी या रासायनिक तपासणीच्या यंत्रावर वेगळं मोजायचं. प्रतिभाचे 6.2 टक्के, फुले स्वरूपाचे 5.19 टक्के हे आकडे प्रयोगाच्या प्लॉटवरचे. तुमच्या रानात काढणी लवकर-उशिरा झाली तरी आकडा हलतो. खरेदीदाराला बहुधा हाच आकडा हवा असणार, ‘वाणाची खात्री’ म्हणजे नेमकं काय ते आधी त्याच्याकडून वदवून घ्या.

बागायतदार_आप्पा

वहिनी, लॅब करा नाहीतर करू नका, पण फिकट झाडांच्या बुडाला आत्ताच रंगीत नायलॉनची दोरी बांधा. पौष-माघात पाला वाळला की सगळी हळद सारखीच दिसते, मग जेठे गड्डे (बेण्याचे मूळ गड्डे) वेगळे काढायला ब्रह्मदेव आला तरी जमायचं नाही. दोरीवाली झाडं आधी उपटून बाजूला घ्या, ती बेण्याला ठेवूच नका.

हळदीचं_रान

आप्पा, गड्याला दोरी आणायला पाठवलं. सासऱ्यांना ‘तुमचं सेलमही तपासायचं’ म्हटलं तर आधी गप्प बसले, मग म्हणाले, “तपासा की. माझंच आधी तपासा.”

मॅडम, पान कसं द्यायचं? आणि लॅबवाल्याला आधीच ‘ही राजापुरी’ असं सांगितलं तर तो तसंच लिहून देणार नाही ना?

जेल_आणि_पट्टे

सांगूच नका. सासऱ्यांना झाडागणिक त्यांचं मत लिहून ठेवू द्या, पाकिटावर फक्त नंबर घाला आणि यादी घरी ठेवा. अहवाल आल्यावर जुळवा.

पान न उलगडलेलं, सुरळीतलं घ्या. करप्याचा एक ठिपकाही नको, नाहीतर बुरशीचा डीएनए सोबत येतो आणि नसलेला फरक दिसायला लागतो. गड्डा पाठवू नका, त्यातलं पिष्ट आणि फिनॉल आमचा जीव खातात. पान पुसून, बोटाएवढे तुकडे करून, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांत बुडवून झिपच्या पाकिटात. ओलं पान नुसत्या प्लॅस्टिकमध्ये बांधलंत तर वाटेतच काळं पडेल. प्रत्येक झाडाआधी कात्री स्पिरिटनं पुसा, आणि नंबर पेन्सिलीनं कागदावर लिहून तो पाकिटाच्या आत टाका. पेनाची शाई स्पिरिटचा हात लागला की जाते.