मदत हवी आहे: जबाबदार वापर मुलांना कसा शिकवावा?

नमस्कार. मी सहावीला पर्यावरण शिकवते. एका सुती टीशर्टमागे कापूस पिकवण्यापासून सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, हे ऐकून वर्ग एकदम गप्प झाला. मग एका मुलीने विचारलं, "बाई, नवे कपडे घ्यायचेच नाहीत का?" मला नीट उत्तर देता आलं नाही, ते मनाला लागून राहिलंय.

मुलांना अपराधी वाटायला नको. खरेदी शेवटी मोठी माणसं ठरवतात. मुलांच्या हातात असतं ते जपून वापरणं, दुरुस्त करणं, दुसऱ्याला देणं. आठवडाभर वर्गातला कचरा तोलला, तो प्रयोग मात्र रंगला. कितीतरी कागद एकाच बाजूने वापरलेले निघाले!

असे हाताने करून बघायचे उपक्रम कुणी घेतलेत का? आणि त्या मुलीला तुम्ही काय सांगितलं असतं?