अँजिओग्राफीच्या डायनंतर बाबांचं क्रिएटिनिन वाढलं, आता अँजिओप्लास्टी कधी करावी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, खूप काळजीत आहोत म्हणून लिहितेय, जरा लांबलंय पण कृपया वाचा.

बाबा ६७ वर्षांचे, शुगर बरीच जुनी, बीपी पण आहे, आणि क्रिएटिनिन (किडनी कमजोर झाली की रक्तात वाढणारा घटक) आधीपासूनच १.८ च्या आसपास असायचं म्हणजे ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) साधारण ४०. जिना चढताना छाती भरून यायची म्हणून अँजिओग्राफी केली, म्हणजे एक्स-रेमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून डाय सोडून तपासणी. सकाळची वेळ दिली होती म्हणून आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा बंद, आणि प्रत्यक्षात नंबर लागला दुपारी तीनला, तोवर सलाईनही नाही. गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक (किडनीला त्रास देऊ शकणारी वेदनाशामक गोळी) चालू होती, तीही कुणी विचारली नाही. दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज दिला, पण दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन तपासा असं कागदावर कुठेच नव्हतं, आधीचा रिपोर्ट फाईलमध्ये समोर असताना! याचा मला अजून राग येतो. घरी आल्यावर पाय सुजले, लघवी कमी झाली, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लगेच रक्त तपासलं तर ३.१.

नशिबाने पोटॅशियम ठीक होतं, डायलिसिस लागलं नाही. किडनीच्या डॉक्टरांनी नीट समजावलं की डायमुळे किडनीच्या आतल्या भागाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि नलिकांच्या पेशींना इजा होते, क्रिएटिनिन बहुतेक ४८ तासांत वाढायला लागतं, तीन ते पाच दिवसांत सगळ्यात वर जातं आणि मग आठवडा-दहा दिवसांत उतरतं. बाबांचं उतरलं पण २.१ वर येऊन थांबलंय.

आता खरा प्रश्न. दोन ब्लॉकेज आहेत, त्यातलं एक मोठं. हार्टचे डॉक्टर म्हणतात जास्त थांबू नका, किडनीचे म्हणतात अजून थोडं थांबा, पुन्हा डाय लगेच नको. दोघंही आपापल्या जागी बरोबर वाटतात आणि निर्णय आमच्यावर आलाय. हार्टचं पंपिंग ४० टक्के आहे, त्यामुळे जास्त सलाईन दिलं तर फुप्फुसात पाणी व्हायची भीती, कमी दिलं तर किडनीला त्रास. अशा पेशंटला सलाईन किती आणि कसं देतात?

आयव्हस म्हणजे रक्तवाहिनीच्या आतून सोनोग्राफी करून अगदी कमी डायमध्ये अँजिओप्लास्टी करतात असं कळलं, कोणी केली आहे का? महाराष्ट्रात कुठे होते, खर्च किती वाढतो? दोन्ही ब्लॉकेज एकदम न करता वेगवेगळ्या वेळी केल्याने खरंच फायदा होतो का? एका नातेवाईकांनी डायपासून किडनी वाचवायला एन-ॲसिटिलसिस्टीनच्या गोळ्या सुचवल्यात, पण २०१८ चा प्रिझर्व्ह नावाचा मोठा अभ्यास, जवळजवळ ५००० पेशंटचा, त्यात त्याचा काहीच फायदा दिसला नाही असं वाचलं, मग डॉक्टर अजून का देतात? शुगरची मेटफॉर्मिन गोळी सध्या बंद आहे, तुमच्याकडे परत चालू केली का?

डायक्लोफिनॅक आता पूर्ण बंद केलीये, गुडघ्यांना पॅरासिटामॉल चालू आहे. किडनीसाठी काढे किंवा चूर्णं कृपया सुचवू नका, किडनीच्या डॉक्टरांनी सक्त मनाई केलीये.

किडनी आधीच कमजोर असताना घरात कोणाची अँजिओप्लास्टी झाली असेल तर किती थांबलात आणि नंतर क्रिएटिनिन कसं राहिलं एवढं तरी नक्की सांगा. पुढच्या आठवड्यात दोन्ही डॉक्टरांना एकत्र बोलायची विनंती करणार आहोत, त्यांना अजून काय विचारावं तेही सुचवा.