मदत हवी आहे: 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' एरर, पण डिस्क दुसऱ्या मशीनवर चांगली चालते

धरमपेठ_हिशेब
ऑफिसचा डेस्कटॉप: एच६१ मदरबोर्ड, विंडोज १०, १ टीबीची सॅटा हार्ड डिस्क. उन्हाळ्याच्या सुट्टीत मेन स्विच बंद होता. आता चालू केला की विंडोजचा लोगो येतो, मग निळा स्क्रीन आणि वरचा एरर. दोनदा असं झालं की ऑटोमॅटिक रिपेअर सुरू होतं, तेही अडकतं. सीताबर्डीच्या दुकानात "डिस्क गेली, नवीन टाका" म्हणाले. पण तीच डिस्क यूएसबी डॉकने लॅपटॉपला लावली तर सगळे फोल्डर उघडतात. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) ०५, सी५, सी६ (खराब सेक्टरचे आकडे) शून्य आहेत, सी७ (डेटा ने-आण करताना झालेल्या चुका) समोर २ए दिसतं. डिस्क बदलू का?

जुना_बोर्ड
थांबा भाऊ, डिस्क नका बदलू. बायोसमध्ये (मशीन चालू करताना उघडणारी बोर्डाची सेटिंग) तारीख काय दिसते ते आधी सांगा.

धरमपेठ_हिशेब
१ जानेवारी २०१२.

जुना_बोर्ड
मग बोर्डावरचा बटणासारखा सेल गेला. मेन बंद असताना बायोसच्या सेटिंग फक्त त्या सेलवर टिकतात. तो उतरला की सगळं डिफॉल्टवर जातं, आणि या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर सॅटा मोडचं (बोर्ड डिस्कशी कसा बोलतो त्याचं) डिफॉल्ट आयडीई, म्हणजे जुनी पद्धत, असतं. तुमचं विंडोज एएचसीआय या नव्या पद्धतीत टाकलेलं असणार. विंडोज सुरुवातीला फक्त वापरात असलेल्या कंट्रोलरचा ड्रायव्हर चढवतं. मोड बदलला की त्याला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. डिस्कमध्ये दोष काहीच नाही.

प्लग काढा, सेल बाहेर काढून मल्टीमीटरने मोजा. २.८ व्होल्टच्या खाली असेल तर बदला. सीआर२०३२ च घ्या. २०२५ पातळ असतो, खाचेत ढिला बसतो. मग बायोसमध्ये तारीख लावा, सॅटा मोड एएचसीआय करा, सेव्ह करून बाहेर या. मोड बदलल्याने डिस्कवर काही लिहिलं जात नाही, म्हणून नाही चाललं तर परत फिरवता येतं. रिपेअरच्या स्क्रीनवर 'रीसेट धिस पीसी' मात्र दाबू नका. आणि ज्यांच्या बोर्डावर रेड मोड (अनेक डिस्क एकत्र जोडण्याचा) आहे त्यांनी 'क्रिएट व्हॉल्यूम' ला हात लावू नये, तिथे डेटा खरंच जातो.

केबलवाला
विंडोज आयडीईतच टाकलेलं असेल आणि एएचसीआयवर न्यायचं असेल, तर आधी एमएसकॉन्फिग या विंडोजच्या टूलच्या बूट टॅबमध्ये 'सेफ बूट, मिनिमल' टिक करा. रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, मोड बदला, सेफ मोड एकदा पूर्ण उघडू द्या, मग टिक काढा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असलेल्या मशीनवर हे करण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा.

धरमपेठ_हिशेब
सेल १.९ व्होल्ट निघाला. नवीन टाकला, एएचसीआय केलं, विंडोज सुरू झालं. पण मधूनमधून सगळं गोठून राहिलं आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) १२९ नंबरची नोंद, 'रीसेट टू डिव्हाइस, रेडपोर्ट०'. आमच्याकडे रेड तर नाहीच!

केबलवाला
रेडपोर्ट हे विंडोजच्या ड्रायव्हरने दिलेलं नुसतं नाव आहे, त्यावरून रेड शोधत बसू नका. १२९ म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजच्या ड्रायव्हरने तिला रीसेट केलं. कारणं दोन धरून चाला.

एक, केबल. क्रिस्टलडिस्कइन्फो आकडे हेक्समध्ये दाखवतं; सी७ समोरचं २ए म्हणजे ४२ सीआरसी चुका, म्हणजे केबलवरून येता-जाता डेटा बिघडल्याच्या. हा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून तो किती आहे यापेक्षा वाढतो का ते पाहा. क्लिपवाली नवी सॅटा केबल लावा, पोर्ट बदला, मोठी फाइल कॉपी करून पुन्हा बघा. ४२ वरच थांबला तर केबलच होती.

दोन, लिंक पॉवर मॅनेजमेंट. डिस्कची लिंक झोपते, जागी व्हायला उशीर होतो. पॉवर ऑप्शन्समध्ये 'हाय परफॉर्मन्स' निवडा. बायोसमध्ये 'ॲग्रेसिव्ह लिंक पॉवर मॅनेजमेंट' असेल तर डिसेबल करा.

दोन्ही एकदम करू नका, नाहीतर दोष कशात होता ते कळणारच नाही.

जुना_बोर्ड
आणि हे सगळं करण्याआधी टॅलीचा डेटा डॉकवरून काढून घ्या. 'चेकडिस्क /आर' (डिस्क तपासणारी विंडोजची कमांड) सध्या नको: १ टीबीवर तासन् तास चालतं, आणि केबल खराब असेल तर चांगल्या सेक्टरलाही वाईट ठरवू शकतं. डिस्कचं तापमानही बघत जा. नागपूरच्या मे महिन्यात एसीविना बंद खोलीत ५० अंशांच्या वर गेली तर समोरचा पंखा साफ करा.

धरमपेठ_हिशेब
डेटा काढला, केबल बदलली. ८० जीबी कॉपी केली, सी७ अजून २ए. १२९ मात्र एकदा आलाच.

केबलवाला
मग आता पॉवर प्लॅन बदला.