रखडलेल्या ट्राम मार्गाची वर्षे : आपले अनुभव लिहा

पाऊलखुणा

एडिंबरामध्ये ग्रँटनपासून बायोक्वार्टरपर्यंत नवा ट्राम मार्ग काढण्याची चर्चा सुरू आहे. तिच्याविषयी वाचताना प्रिन्सेस स्ट्रीटवरची ती लांबच लांब जाळीदार कुंपणे आठवली आणि हा धागा काढावासा वाटला.

या शहराने आपली जुनी ट्राम १९५६ च्या नोव्हेंबरात बंद केली. अर्धे शतक उलटल्यावर ती परत आणायचे ठरले, २००६ मध्ये त्यासाठीचे कायदे झाले, आणि विमानतळापासून लीथमार्गे न्यूहेवनपर्यंत ट्राम २०११ मध्ये धावेल असे आम्हा सर्वांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात ती ३१ मे २०१४ रोजी धावली, आणि तीही शहराच्या मध्यभागातील यॉर्क प्लेसपर्यंतच. ५४ कोटी ५० लाख पौंडांचा अंदाज ७७ कोटी ६० लाखांवर गेला, आणि कर्जावरचे व्याज धरले तर तो शंभर कोटींच्याही पुढे जातो.

हे आकडे बहुतेकांना ठाऊक आहेत. माझ्या मनात घर करून राहिली आहे ती वेगळीच गोष्ट. २००९ च्या फेब्रुवारीत प्रिन्सेस स्ट्रीट वाहनांसाठी बंद झाला तेव्हा मी तिथल्या एका कार्यालयात नोकरीला होतो. काम सुरू होण्याआधीच पैशांवरून वाद पेटला, त्यामुळे रस्ताही बंद आणि कामही बंद अशा स्थितीत काही आठवडे गेले. नोव्हेंबरअखेर रस्ता खुला झाला, नवे रूळ दिसू लागले, आणि आता सुटलो असे सर्वांना वाटले. पुढे रुळांच्या कडेचा थर भेगाळू लागला, त्याचे तुकडे सुटू लागले, आणि २०११ च्या सप्टेंबरात तोच रस्ता पुन्हा बंद करावा लागला. ज्या रुळांवरून एकही प्रवासी गेला नव्हता, त्यांच्या भोवतीचा रस्ता फोडला जाताना मी खिडकीतून पाहत असे. उशीर एकवेळ सोसवतो, पण झालेले काम डोळ्यांदेखत पुन्हा उखडले जाणे जिव्हारी लागते, आणि शहराचा विश्वास त्यानेच जातो असे माझे ठाम मत आहे.

ज्यांनी कोणत्याही शहरात ट्रामच्या पुनर्बांधणीचा असा काळ काढला आहे, त्यांनी अवश्य लिहावे.

उंबरा

प्रिन्सेस स्ट्रीटला निदान २०१४ मध्ये ट्राम मिळाली. आमच्या लीथ वॉकवर नळ आणि तारा हलवण्यासाठी २००७ पासून खोदकाम झाले, आणि नंतर पैसे संपल्यामुळे मार्ग लीथला पोहोचण्याआधीच संपवण्यात आला. म्हणजे त्रास पदरात पडला आणि ट्राम मात्र नाही.

मी तेव्हा कपड्यांची दुरुस्ती करून देणाऱ्या एका छोट्या दुकानात काम करीत होते. दार उघडले की दगड कापण्याच्या यंत्राची पांढरी धूळ आत येई. लग्नाचे पोशाख आम्ही मागच्या खोलीत दुहेरी चादरीत गुंडाळून ठेवत असू, आणि तरीही दर वेळी ग्राहकासमोर पिशवी उघडताना मालकीणबाईंचा हात थबके. चरावर लोखंडी पत्रा टाकून दाराशी वाट केलेली होती; पावसात तो निसरडा होई, त्यामुळे वयस्कर ग्राहक समोरच्या पदपथावरूनच हात हलवून निघून जात. कुंपणावरच्या फलकावर काम पूर्ण होण्याचा महिना लिहिलेला असे. तो उलटला की त्यावर नव्या महिन्याची पट्टी चिकटवली जाई, आणि खालची जुनी पट्टी कोपऱ्यातून डोकावत राही. पुढे पुढे तो फलक वाचायचे लोकांनी सोडूनच दिले.

मालकीणबाईंनी दुकान टिकवले, पण शेजारची दोन दुकाने बंद झाली. त्या दुकानांची नावे कोणत्याही हिशेबात आलेली नाहीत. मार्ग लीथपर्यंत नेण्याचा निर्णय २०१९ मध्ये झाला, तोच रस्ता पुन्हा खणला गेला, २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे काम थांबले, आणि अखेर ७ जून २०२३ रोजी न्यूहेवनपर्यंत ट्राम गेली. ती आली याचा मला मनापासून आनंद आहे, आणि हेही तितकेच खरे आहे की ती आमच्याकडून दोनदा वसूल झाली.

सांजवारा

उंबरा ताई, वाचून फार वाईट वाटले. मी २२ क्रमांकाच्या बसने त्याच रस्त्याने जात असे. बस कुंपणांमधून वाट काढत असताना आम्ही आत बसून फक्त उशिराची तक्रार करीत होतो. बाहेर त्या जाळीमागे कुणाचे दुकान आहे, हे खिडकीतून कधी दिसलेच नाही.

भूमिगत

पाण्याच्या वाहिन्या हलवण्याच्या कामावर मी बरीच वर्षे होतो. एडिंबराच्या प्रकल्पाशी माझा संबंध नव्हता, पण दुसऱ्या एका शहरात ट्रामच्याच कामासाठी हेच केले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

रूळ टाकणे हा या कामातील त्यामानाने सोपा भाग असतो. रुळांखाली काँक्रीटचा जाड थर येतो, आणि त्याच्याखाली पाण्याची वाहिनी राहू दिली तर उद्या ती फुटल्यावर ट्राम थांबवून तो थर फोडावा लागेल. म्हणून पाणी, गॅस, वीज, दूरध्वनी आणि सांडपाणी यांपैकी जे जे मार्गात येईल ते आधी बाजूला घ्यावे लागते. घोडे पेंड खाते ते इथे. नकाशावर वाहिनी जिथे दाखवलेली असते तिथे ती सापडेलच याची खात्री नसते. चाचणीचा खड्डा हाताने खणत गेल्यावर नकाशात नसलेला बिडाचा जुना नळ लागतो, आणि तो चालू आहे की बंद पडलेला, हे ठरेपर्यंत फावडे खाली ठेवावे लागते. ज्या संस्थेचा तो असण्याची शक्यता आहे तिचा माणूस येऊन पाहणार, ती नाही म्हणाली तर दुसरीचा येणार, आणि तोवर टोळी खड्ड्याच्या काठावर उभी. रस्त्याने जाणाऱ्याला वाटते की ही माणसे काम करीत नाहीत. एडिंबरासारख्या शहरात तर जुन्या घरांची तळघरे पदपथाखालपर्यंत आलेली आहेत, त्यामुळे वाहिनी सरकवायला मोकळी जागाही मिळत नाही.

त्यातच तिथे मुख्य बांधकामाचा करार २००८ च्या मे महिन्यात झाला, तेव्हा आराखडे पूर्ण नव्हते आणि वाहिन्या हलवण्याचे कामही संपलेले नव्हते. करारातील किंमत काही गृहीतकांवर उभी होती. जमिनीखालचे वास्तव त्या गृहीतकांपेक्षा वेगळे निघाले की प्रत्येक वेळी जादा रकमेचा आणि मुदतवाढीचा दावा उभा राहणार, हे त्या करारातच लिहिलेले होते. लोकांना मात्र किंमत जवळपास ठरलेली आहे असेच सांगितले गेले. माझ्या मते खरा विलंब खणताना झालाच नाही. तो सही करण्याच्या घाईत झाला.

पाऊलखुणा

भूमिगत, तुमच्यामुळे त्या रिकाम्या खड्ड्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसांचा अर्थ आज कळला. २०११ च्या मार्चमध्ये बांधकाम कंपन्यांशी चाललेल्या वादावर मध्यस्थीने तोडगा निघाला. तरीही ऑगस्टमध्ये नगर परिषदेने मार्ग प्रिन्सेस स्ट्रीटच्या आधी, हेमार्केटलाच थांबवण्याचा ठराव केला, आणि स्कॉटिश सरकारने उरलेला निधी रोखण्याचा इशारा दिल्यावर सप्टेंबरात तो फिरवला. त्या दोन ठरावांच्या मधल्या दिवसांत आमच्या रस्त्यावरचे रूळ कामाला येणार की नाही, हे कुणीच सांगू शकत नव्हते.

दक्षिणतारा

सिडनीतही वाहिन्यांनीच घात केला. जॉर्ज स्ट्रीटवर २०१५ च्या ऑक्टोबरात काम सुरू झाले आणि २०१९ च्या आरंभी ट्राम धावेल असे जाहीर झाले होते. भूमिगत विजेच्या कामांवरून बांधकाम कंपनी आणि राज्य सरकार यांच्यात मोठा वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि २०१९ मध्ये सरकारने ५७ कोटी ६० लाख डॉलर देऊन तडजोड केली. १६० कोटी डॉलरचा अंदाज सुमारे २९० कोटींवर पोहोचला. रँडविकपर्यंतची ट्राम १४ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झाली, आणि किंग्जफर्डची शाखा ३ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे साथीमुळे रस्ते ओस पडलेले असताना. इतकी वर्षे वाट पाहिलेल्या मार्गावर पहिल्या दिवसांत बसायला माणसेच नव्हती.

मी रँडविकच्या बाजूला राहत होते. विलंबाहून अधिक दुःख मला तिथली अंजीरवर्गातील जुनी, प्रचंड झाडे गेली त्याचे झाले. तिथेच डबे उभे करण्याच्या जागेवर खोदताना मूळनिवासींची हजारो दगडी हत्यारे सापडली. मार्ग आखण्याआधी ती जमीन नीट तपासली असती तर झाडांचाही आणि त्या ठेव्याचाही विचार शांतपणे करता आला असता.

रूळवाट

सिडनीचाच, पण दुसऱ्या मार्गाचा अनुभव सांगतो. इनर वेस्टच्या मार्गावर २०२१ च्या अखेरीस डब्यांच्या सांगाड्यांत भेगा सापडल्या आणि सेवा बंद झाली. दीड वर्षापर्यंत लागेल असे आधी सांगितले गेले, पण दुसऱ्या डब्यांची व्यवस्था करून फेब्रुवारी २०२२ मध्ये मर्यादित स्वरूपात ती सुरू झाली. मला त्या वेळी बरे वाटले ते एका कारणासाठी : वाईट बातमी पहिल्याच दिवशी पूर्ण सांगितली गेली. प्रवाशाला आपली दुसरी व्यवस्था करता येते, फक्त त्याला अंधारात ठेवू नये.

किनारा

आमच्या लीथमधल्या कॉन्स्टिट्यूशन स्ट्रीटचा उल्लेख अजून कसा आला नाही? साउथ लीथच्या चर्चसमोरचा तो रस्ता जुन्या दफनभूमीच्या काही भागावरून गेलेला आहे. २००९ च्या उत्खननात तिथे सुमारे चारशे जणांचे अवशेष सापडले होते, आणि न्यूहेवनपर्यंतच्या कामात २०१९-२० मध्ये आणखी साडेतीनशेहून अधिक. चौदाव्या ते सतराव्या शतकातील ही माणसे. मी जवळच राहत असल्यामुळे तंबूखाली गुडघ्यांवर बसून ब्रशने माती बाजूला करणारे पुरातत्त्वज्ञ येता-जाता दिसत. त्या काळात काम लवकर उरका असे म्हणणारे शेजारीही होते, आणि मला त्यांचे म्हणणे मुळीच पटले नाही. तेवढा वेळ त्या माणसांना देणे हे आपले कर्तव्यच होते.

मंदगती

किनारा, पूर्ण सहमत. मात्र चौकशीच्या विलंबाला हाच न्याय लावता येणार नाही. एडिंबराच्या ट्रामला उशीर का झाला आणि खर्च का वाढला, याची लॉर्ड हार्डी यांची चौकशी २०१४ मध्ये जाहीर झाली आणि अहवाल आला २०२३ च्या सप्टेंबरात, म्हणजे न्यूहेवनची ट्राम सुरू झाल्यानंतर. ज्या चुका पुढच्या कामात टाळायच्या, त्या समजेपर्यंत पुढचे काम संपलेलेही होते. चौकशीला एक कोटी तीस लाख पौंड लागले ते वेगळेच.

उंबरा

मंदगती, तुमचा संताप मी समजू शकते. तरीही एक गोष्ट सांगायला हवी. दुसऱ्या वेळी प्रत्येक टप्पा एकदाच खणायचा, वाहिन्या आणि रूळ दोन्ही उरकायचे आणि मगच कुंपण काढायचे, अशी पद्धत ठेवली होती. माल पोहोचवण्यासाठी ठरावीक ठिकाणी व्यवस्था होती, व्यावसायिकांसाठी साहाय्याची योजनाही होती. ते काम २० कोटी ७० लाख पौंडांच्या ठरलेल्या अंदाजात झाले. अहवाल येण्याआधीच कुणीतरी काहीतरी शिकले होते, आणि ते आमच्या दारात दिसत होते.

तारांगण

न्यू ऑर्लीन्समधून लिहीत आहे. आमच्याकडची कथा निराळी आहे, कारण इथे आघात निसर्गाचा होता. २००५ च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना वादळाने सेंट चार्ल्स मार्गावरच्या विजेच्या तारा आणि खांब मोडून टाकले. त्या मार्गाचे १९२३-२४ मधले हिरवे डबे उंचावरच्या आगारात सुखरूप राहिले, तर कॅनाल स्ट्रीटचे नवे लाल डबे पाण्यात बुडाले. म्हणजे एका मार्गाला डबे होते पण तारा नव्हत्या, आणि दुसऱ्याला तारा होत्या पण डबे नव्हते. मग त्याच वर्षीच्या डिसेंबरात म्हाताऱ्या हिरव्या डब्यांनी कॅनाल स्ट्रीटची सेवा सुरू केली. सेंट चार्ल्सचा मार्ग तुकड्यातुकड्याने जोडला गेला आणि शेवटच्या थांब्यापर्यंत डबा पोहोचायला २००८ चा जून उजाडला.

इथे विलंबाबद्दल लोक रागावले नाहीत असे नाही, पण प्रत्येक नवा तुकडा सुरू होताच माणसे रस्त्यावर येऊन हात हलवत. माझे यजमान मुद्दाम जिथपर्यंत मार्ग जोडला गेला असेल तिथपर्यंत जाऊन परत येत. काम पुढे सरकताना दिसले की धीर टिकतो, हे मी तेव्हा पाहिले.

नवखी

सर्वांचे अनुभव वाचते आहे. आमच्या शहरात ट्रामच्या मार्गावर मी शिवणकामाचा छोटा व्यवसाय सुरू करण्याच्या विचारात आहे आणि तिथले खोदकाम वर्षभरात सुरू होईल असे सांगतात. उंबरा ताई, जागा ठरवण्यापूर्वी काय पाहावे?

उंबरा

नवखी, सर्वांत आधी मागच्या गल्लीतून दार आहे का ते पाहा, कारण पुढचा रस्ता बंद झाल्यावर कापडाचे गठ्ठे तिथूनच आत येतील. पदपथाखाली तळघर असेल तर ते कुणाच्या ताब्यात आहे हे मालकाकडून लेखी घ्या. खोदकामाच्या काळात भाडे कमी होईल का, हे करारातच घालून घ्या, नंतर कुणी ऐकत नाही. मागच्या दोन वर्षांची विक्री महिन्यावार लिहिलेली असेल तरच साहाय्याच्या अर्जात नुकसान दाखवता येते. तुमचा व्यवसाय नवा आहे, म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा. आणि काम सुरू होण्यापूर्वी भिंतींची, फरशीची आणि दाराच्या चौकटीची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवा. आमच्या भिंतीला तडा गेला तेव्हा तो आधीपासूनच होता असे उत्तर आले होते, आणि मालकीणबाईंकडे तसे एक छायाचित्र होते म्हणूनच ती भरपाई मिळाली.