फोनला २५० ओहमचा हेडफोन: पोर्टेबल ॲम्प घ्यावा की डोंगल पुरेल?

रामबागकर
नमस्कार मंडळी. हेडफोन बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो, २५० ओहमवाला (ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध). फोनला ३.५ एमएमचा जॅक नाही, म्हणून टाइप-सीचं साधं डोंगल, म्हणजे हेडफोन लावायचा छोटा अडॅप्टर (१ व्होल्ट आउटपुटचं), लावलंय. नव्या गाण्यांना आवाज पुरतो. पण जुनं शास्त्रीय, विशेषतः अमीर खाँसाहेबांचा विलंबित लावला, की व्हॉल्यूम टोकाला नेऊनही आवाज लांबच राहतो. जेल रोडच्या एका दुकानात चार्जिंगचा छोटा ॲम्प (सिग्नल मोठा करणारा ॲम्प्लिफायर) दाखवतात. आत एकच लिथियम सेल, डब्यावर '१०० मिलीवॅट, १६ ते ३०० ओहम'. डोंगलच्या पुढे तो जोडायचा. घेऊ का? १६ ओहमचे इन-इयरही त्यावर चालतील का?

सोल्डरगन_इंदूर
पैसे काढायच्या आधी गणित करू. मिलीवॅट किती ओहमला मोजलेत ते डब्यावर नसेल, तर सगळ्यात कमी ओहमला मोजलेत असं धरून चालायचं. एका सेलचा ॲम्प, आत व्होल्टेज चढवणारं सर्किट नाही, तर सिग्नलला वरखाली मिळून जागा ३.७ व्होल्टचीच. आरएमएसमध्ये (वरखाली होणाऱ्या व्होल्टेजची परिणामी सरासरी) ते जेमतेम १.३ व्होल्ट. १.३ चा वर्ग भागिले १६, म्हणजे १०५ मिलीवॅट. डब्यावरचा आकडा खोटा नाही! पण तेच १.३ व्होल्ट २५० ओहमला दिले की हातात पडतात पावणेसात मिलीवॅट.

आता तुमचा हेडफोन. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वीज दिली की किती आवाज, ती १ मिलीवॅटला ९६ डीबी (डेसिबल). २५० ओहमला १ मिलीवॅट म्हणजे अर्धा व्होल्ट. तिथून व्होल्टेज दुप्पट केलं की ६ डीबी चढतात: १ व्होल्टला १०२, २ व्होल्टला १०८. तुमचं डोंगल १ व्होल्टचं, म्हणजे हा ॲम्प लावून मिळणार सव्वादोन डीबी. तेवढ्यासाठी खिशात आणखी एक बॅटरी आणि आणखी एक वायर बाळगायची?

जुन्या रेकॉर्डिंगला आवाज लांब का, तेही यातच आहे. नवं गाणं मास्टर करतानाच (शेवटचा हात फिरवताना) छताला, म्हणजे कमाल पातळीला, टेकवलेलं असतं. मैफलीच्या रेकॉर्डिंगमधला आलाप त्या छतापासून २५-३० डीबी खाली असू शकतो. १०२ मधून ३० गेले, उरले ७२. त्यात हेडफोन ओपन बॅक (मागून उघडा, बाहेरचा आवाज आत येतो), डोक्यावर पंखा. खाँसाहेबांचा खर्ज त्यात बुडणारच.

माझं मत: 'आउटपुट २ व्होल्ट आरएमएस' असं स्पष्ट छापलेलं डोंगल बघा आणि हे जुनं काढून ठेवा. काही डोंगल पुढच्या हेडफोनचे ओहम ओळखून मगच पूर्ण २ व्होल्ट सोडतात. म्हणून हेडफोन आधी डोंगलला, मग डोंगल फोनला. उलट क्रमाने लावलं तर काही मॉडेल कमी व्होल्टेजवरच अडकून बसतात.

खर्ज
सोल्डरगनदादा, गणित मान्य, पण ॲनालॉग ॲम्प सरसकट मोडीत काढू नका. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारा, घरी जोडायचा सीमॉय नावाचा ॲम्प घ्या. त्यातली सिग्नल मोठा करणारी चिप, ओपीए २१३४ आयसी, दोन्ही टोकांना दीड-दीड व्होल्ट खाते, तरी २ व्होल्ट आरएमएस मिळतात, म्हणजे २५० ओहमला १६ मिलीवॅट. हातात कैया (सोल्डरिंग आयर्न) असेल तर एका संध्याकाळचं काम.

फक्त सर्किटचा मूळ नकाशा जसाच्या तसा उतरवू नका. त्यात गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो ते, ११ पट आहे (फीडबॅकच्या वाटेवर १० किलोओहमचा रेझिस्टर, जमिनीकडे म्हणजे ग्राउंडकडे १ किलोओहमचा). १ व्होल्टच्या डोंगलला ११ पट केलं तर ११ व्होल्ट हवेत, आणि बॅटरीच ९ ची! नॉब जरा पुढे सरकवला की आवाज फाटतो. फाटू नये म्हणून नॉब अगदी खाली ठेवला, तर स्वस्त पॉटचे (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरचे) डावे-उजवे ट्रॅक तिथे सारखे नसतात, गाणं एका कानाकडे झुकतं. जमिनीकडचा १ किलोओहम काढून ४.७ किलोओहम लावा. गेन साधारण ३ पट होतो आणि नॉब मधल्या भागात फिरवता येतो. तयार ॲम्प घेतलात तर गेनचं बटण 'लो'वर ठेवा, कारण तेच.

फोनचा व्हॉल्यूम ८०-९० टक्क्यांवर, बाकी सगळं नॉबने. फोन ३० टक्क्यांवर ठेवून ॲम्पने ओढलं तर डोंगलची सळसळही सोबत मोठी होऊन येते. इक्वलायझर वापरत असाल तर जेवढा सगळ्यात मोठा बूस्ट, तेवढाच प्रीॲम्प (इक्वलायझरमधली एकूण पातळीची पट्टी) खाली घ्या. खर्जाला ६ डीबी चढवले तर प्रीॲम्प उणे ६.

आणि ॲम्प फोनच्या पाठीला रबरबँडने बांधू नका. फोन २जी वर गेला की २१७ हर्ट्झची ती टर्र-टर्र थेट ॲम्पमध्ये शिरते. शंका आली तर फ्लाइट मोड टाकून बघा, थांबली तर दोष ॲम्पचा नाही. चार्जर लावून ऐकताना येणारी घूं मात्र वेगळी. ती बहुतेक चार्जरच्या वाटेने येते, तेव्हा चार्जर काढूनच ऐका.

शिकंजी
१६ ओहमच्या इन-इयरचं राहिलंच की. त्यांना ॲम्प नको. ते इतके सेन्सिटिव्ह असतात की गाणं सुरू व्हायच्या आधीच सळसळ ऐकू येते. शिवाय ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स (त्याच्या आतले ओहम) हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा जास्त नसावा, म्हणजे इथे २ ओहमच्या आत. जास्त असेल तर मल्टी-ड्रायव्हर (एका कानात एकापेक्षा जास्त छोटे स्पीकर असलेल्या) इन-इयरचा स्वरच बदलतो, कुठे उठतो, कुठे बसतो. तुमचं साधं डोंगल त्यांच्यासाठीच ठेवा.

रामबागकर
२ व्होल्टचं डोंगल आणलं, टाइप-सीचं छोटं सॉकेट असलेलं. सोबतच्या वायरने चालतं, पण दहाएक मिनिटं गाणं थांबवलं की फोन त्याला विसरतो. दुसरी लांब सी-टू-सी वायर लावली तर ओळखतच नाही. आणि आवाज वाढला खरा, पण दुप्पट काही वाटत नाही.

शिकंजी
दहा मिनिटांचं दुखणं फोनचं. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ओटीजी (फोनला यूएसबी उपकरण जोडायची सोय) ठरावीक वेळ रिकामं राहिलं की आपोआप बंद होतं. सेटिंगच्या शोधात 'ओटीजी' टाका, बटण परत चालू करा. गाणं वाजत असताना ते तुटत नाही.

वायरचं असं, की फोनने होस्ट व्हायचं, म्हणजे समोरचं उपकरण चालवायचं, तर समोरच्या टोकाला टाइप-सीच्या सीसी पिनवर (काय जोडलंय ते ओळखणारी पिन) ५.१ किलोओहमचा रेझिस्टर दिसावा लागतो. स्वस्त डॅकमध्ये (डिजिटल गाण्याचा हेडफोनसाठी सिग्नल करणारं उपकरण, तुमचं डोंगल तेच) तो गाळलेला असतो आणि सोबतच्या ओटीजी वायरमध्ये बसवलेला असतो. मग साध्या सी-टू-सी वायरवर फोनला समोर काही आहे हेच कळत नाही. सोबतचीच वायर वापरा, नाहीतर यूएसबी-ए ते सी वायरला फोनच्या बाजूने ओटीजी अडॅप्टर लावा.

सोल्डरगन_इंदूर
दुप्पट वाटणार नाहीच. व्होल्टेज दुप्पट म्हणजे ६ डीबी, कानाला दुप्पट वाटायला साधारण १० लागतात. पण दोन शक्यता तपासा. एक, काही अँड्रॉइड फोन डोंगलच्या आतला हार्डवेअर व्हॉल्यूम पूर्ण वर नेत नाहीत, स्क्रीनवर १०० दिसलं तरी. यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रोसारखं, डॅकशी थेट बोलणारं ॲप लावून बघा. त्यात हार्डवेअर व्हॉल्यूमची पट्टी वेगळी असते. ती वर नेताना हेडफोन कानावर नको, आधी खाली ठेवून मग चढवा.

दुसरं, मोजूनच घ्या. १०० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा टोन फोनमध्ये टाका. डोंगलला वाय-स्प्लिटर (एकाचे दोन जॅक करणारी वायर), एका बाजूला हेडफोन (कानावर नाही), दुसऱ्या बाजूला जुन्या ऑक्स वायरचं कापलेलं टोक. प्लगच्या टोकाला जाणारी तार आणि जमिनीची (ग्राउंडची) तार मल्टिमीटरला, एसी व्होल्टवर. तो पिवळा डीटी ८३० मीटर इथे चालत नाही, त्याची एसीची रेंजच २०० व्होल्टपासून सुरू होते. २ व्होल्टची एसी रेंज किंवा ऑटो रेंज असलेला हवा. १.९ ते २ दिसले तर डोंगल ठीक. १ च्या आसपास अडकलं तर हेडफोन आधी, डोंगल नंतर, हा क्रम पुन्हा करून बघा.

जुनं आणि नवं डोंगल स्वरासाठी ताडून बघायचं असेल तेव्हाही हाच मीटर. दोन्ही ०.३० व्होल्टवर आणा. एक ०.३० आणि दुसरं ०.३२ असलं तरी अर्ध्या डीबीचा फरक पडतो, आणि कान त्याला मोठा न म्हणता 'जास्त मोकळा' म्हणतो.

रामबागकर
मीटरवर ०.९८ आलं. डोंगल काढून हेडफोन आधी खोचला, मग फोनला लावलं: १.९६. आलाप आता पंख्याच्या वर आहे.