छपराबरोबर मीटरही बघा

बेळगावात भाड्याच्या घरात जाताना काय बघावं, या प्रश्नावर वर ज्यांनी लिहिलंय की जुन्या कौलारू घरात शिरण्याआधी छप्पर शाकारून घ्या, ते अगदी खरं. बेळगावचा पाऊस मृगात धरला की सोडत नाही, मग कोण चढणार वर? पण विजेच्या मीटरचं कुणीच बोललं नाही.

आम्ही चंदगडहून बेळगावातल्या वडगावात आलो, तेव्हा शेजारच्या सगळ्यांना शून्य बिल आणि आम्हाला मात्र पूर्ण. बिल कानडीत, घरात वाचणारं कुणी नाही. शेवटी परड्यापलीकडच्या काकूंनी दारात उभं राहून ओळीवर बोट ठेवत वाचून दाखवलं. कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना 2023 पासून आहे, महिन्याला 200 युनिटच्या आत, तुमच्या सरासरी वापरापेक्षा 10 टक्के जास्तीपर्यंत वीज माफ, आणि ती भाडेकरूलाही मिळते. पण आमच्या मीटरच्या आर.आर. नंबराला, म्हणजे बिलावरच्या वीजजोडणीच्या नंबराला, आधीच्या भाडेकरूचं आधार जोडलेलं! ते सोडवायची सोय 2024 पासून सेवासिंधूवर, म्हणजे कर्नाटक सरकारच्या सेवांच्या वेबसाइटवर, आहे, पण ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर गेला. मालकीणबाईंनी त्यांचा फोन नंबर शोधून दिला म्हणून, नाहीतर ते कुटुंब गदगला गेलेलं. त्या भल्या माणसाने फोनवर लगेच ओटीपी सांगितला, तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं. नव्या गावात पहिले दोन महिने पैशांची फार ओढाताण असते हो.

म्हणून किल्ली घेतानाच आधीच्या भाडेकरूला आधार सोडवायला सांगा, आणि स्वतः घर सोडताना तुम्हीही आठवणीने सोडवा.