शहरांची वाढ थांबवायची भाषा आता पुरे

कंपासपेटी (धागाकर्ता)

मोठ्या शहरांचा विषय निघाला की पाच मिनिटांच्या आत कुणीतरी म्हणतंच, "बाहेरून येणारे लोंढे आधी थांबवा." ट्रॅफिक, झोपडपट्ट्या, तुंबलेली गटारं, सगळ्यावर हाच एक उतारा. हा धागा त्या वाक्याच्या विरोधात आहे.

आधी आकडे. १९५० साली जगातली शंभरातली तीसेक माणसं शहरात राहत. २००७ च्या सुमारास शहरी पारडं जड झालं आणि २०१८ मध्ये शहरी लोकसंख्या ५५ टक्क्यांवर गेली. २०५० साली ती ६८ टक्के असेल, असा संयुक्त राष्ट्रांचा तेव्हाचा अंदाज होता. आता ही सगळी माणसं बोचकी घेऊन गावातून आली, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे.

अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये कित्येक वर्षं जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होत. देवी, ताप, घाण पाणी. खेड्यांतून तरुण पोरं येत राहिली म्हणून ते शहर टिकलं आणि वाढलंही. तेव्हा लोंढे थांबवले असते तर लंडन आक्रसलं असतं. पुढे १८५४ मध्ये जॉन स्नो या डॉक्टरने ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवतीचे कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडले. त्या पंपाच्या विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर मैल्याचा खड्डा होता! पंपाचा दांडा तेवढा काढला, पण गटारांसाठी पैसे सुटले नाहीत. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सचा वास थेट संसदेत शिरला, तेव्हा कुठे बॅझलजेट या अभियंत्याच्या भुयारी गटारांना पैसे मिळाले. (राज्यकर्त्यांच्या नाकापर्यंत पोचल्याशिवाय निधी सुटत नाही, हे तेव्हापासूनचं आहे.)

नळ, गटार, लस आणि नंतर प्रतिजैविकं आली आणि शहर हा मरणाचा सापळा उरला नाही. आज आशिया-आफ्रिकेतल्या अनेक देशांत शहरवाढीचा मोठा वाटा शहरातच जन्मलेल्या मुलांचा आहे. काही वाढ तर कुणी न हलताच होते. वस्ती दाट होते, शेती मागे पडते आणि एक दिवस सरकारी कागदावर गावाचं शहर होतं.

आणि थांबवून पाहिलेलं नाही असंही नाही. दक्षिण आफ्रिकेने कृष्णवर्णीयांना शहरात पाऊल ठेवायला परवाना लावला. हजारो-लाखोंच्या अटका केल्या आणि १९८६ मध्ये ते कायदे गुंडाळावे लागले. चीनमध्ये १९५८ पासून हुकोऊ, म्हणजे जन्मगावाशी बांधलेली नोंदणी. माणसं तरीही आलीच, फक्त हक्क गावात ठेवून आली. शेनझेनच्या कारखान्याला मजूर हवा असतो, पण त्याच्या मुलाला सरकारी शाळेत जागा मिळेलच असं नाही. मग मूल आजी-आजोबांपाशी आणि आई-बाप हजार किलोमीटरवर.

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच की येणारा येणारच आहे, जन्मणारा जन्मणारच आहे. त्याच्या आधी नळ आणि रस्ता पोचवायचा की नंतर, एवढंच आपल्या हातात आहे.

---

ओसरी

असहमत. तुम्ही सगळा इतिहास गटारातून वाहून नेलात. गटार बांधता येतं हो, पाणी कुठून आणणार?

मेक्सिको सिटी बघा. तळं बुजवून त्यावर वसवलेलं शहर. खालच्या मातीतलं पाणी उपसलं की ती दबते आणि शहर खचतं, काही भागांत वर्षाला फूटभराहून जास्त. तिथल्या मुख्य रस्त्यावर स्वातंत्र्याचा स्तंभ आहे, वर सोनेरी देवदूत. १९१० साली उभारला तेव्हा त्याला नऊ पायऱ्या होत्या. स्तंभाचा पाया खोल, तो जागच्या जागी राहिला; भोवतालचा रस्ता खाली गेला. आजवर खालून चौदा पायऱ्या जोडाव्या लागल्यात. आता पाणी दूरच्या खोऱ्यांतून, हजार मीटरहून जास्त उंची चढवून आणतात. तरी पुरत नाही, म्हणून उपसा चालूच.

केपटाऊन २०१८ मध्ये नळ बंद करायच्या उंबरठ्यावर गेलं होतं. इंडोनेशियाने तर खचत चाललेल्या जकार्ताला पर्याय म्हणून बोर्निओच्या जंगलात नवी राजधानी काढली. म्हणजे शहराला मर्यादा असते हे सरकारांनाच कळलंय. "येणारा येणारच" म्हणणं म्हणजे भरलेल्या होडीत अजून दोघं चढवा म्हणण्यासारखं आहे.

---

कंपासपेटी

ओसरी, पायऱ्यांचं उदाहरण झकास, पण निष्कर्ष पटला नाही.

टोकियोही असंच खचत होतं. कोतो भागात विसाव्या शतकात जमीन चार मीटरहून जास्त खाली गेली. कारण तेच, कारखान्यांचा भूजल उपसा. मग कायदे करून उपसा आवळला, नदीचं पाणी नळाने दिलं आणि सत्तरच्या दशकानंतर खचणं जवळपास थांबलं. त्या काळात टोकियो महानगर वाढतच होतं! जकार्तात अनेक वस्त्यांना आणि इमारतींना नळाचं पाणी धड पोचत नाही, म्हणून जो तो बोअर मारतो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तशी ती नवी राजधानी आहे. सरकारी कचेऱ्या हलतील, बोअर तिथेच राहतील.

---

सरळरेघ

लंडन, टोकियो, शेनझेन. तुमच्या यादीत फक्त पास झालेली पोरं आहेत, कंपासपेटी.

१८५१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्सची निम्म्याहून जास्त माणसं शहरी निघाली, कारण तिथे गिरण्या होत्या. शेनझेनला १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला, मागोमाग कारखाने आले आणि २०२० च्या जनगणनेत शहर पावणेदोन कोटींच्या घरात. माणूस शेतातून उठला तो पगाराच्या कामाकडे गेला. त्या पगारातून कर आला, करातून गटार.

आफ्रिकेतल्या किन्शासा किंवा लागोसमध्ये ही साखळीच तुटलेली आहे. तेल आणि खनिजं विकून पैसा आला तो राजधानीत खर्च झाला, वस्तू बाहेरून आल्या, कारखाने फारसे उभे राहिलेच नाहीत. माणसं येतात ती कुठे युद्धातून, कुठे पडलेल्या शेतीतून उठून, आणि फुटपाथवर काहीबाही विकतात. आगीतून फुफाट्यात. ज्याची कुठे नोंदच नाही अशा धंद्यावर कर काय लावणार आणि त्यातून भुयारी गटार कधी बांधणार? तुम्ही परिणामांवर बोलताय, मी कारणावर बोलतोय. गिरणीने ओढलेलं शहर आणि दुष्काळाने ढकललेलं शहर नकाशावर सारखंच दिसतं, पालिकेच्या तिजोरीत दिसत नाही.

---

घडीची_छत्री

सगळे नळ-गटारावर तुटून पडलेत म्हणून दोनच ओळी. दररोज तासभर चालून डोक्यावरून पाणी आणणाऱ्या बाईला विचारा, शहरातला दिवसाआड येणारा नळ कसा वाटतो. बाळंतपणात अडलं तर दवाखाना किती लांब, हेही विचारा. शिवाय शहरात तुम्ही कुणाच्या कोण हे कुणी विचारत नाही. हे ज्यांना आयतं मिळालंय त्यांनाच गावच्या शांततेचे उमाळे येतात. सरळरेघ, ती फुटपाथवर विकते, मान्य. पण पैसे तिच्या हातात येतात.

---

वजाबाकी

इतक्या प्रतिसादांत एकानेही उलटी बाजू काढली नाही, म्हणून लिहितो.

दक्षिण कोरियाची निम्मी लोकसंख्या सोल आणि लगतच्या परिसरात कोंबलेली आहे. सरकारने सेजोंग नावाचं नवं शहर बांधलं आणि २०१२ पासून मंत्रालयं तिकडे हलवली. तरी राजधानीच्या पट्ट्याने देशातला अर्धा वाटा ओलांडलाच. इथवर धागाकर्त्याचा मुद्दा बरोबर: ढकलून माणूस हलत नाही.

पण पुढे बघा. त्या देशात २०२३ मध्ये एका स्त्रीमागे सरासरी ०.७२ मुलं, आणि सोलमध्ये त्याहूनही कमी. जपानमध्येही सगळ्यांत कमी जननदर टोकियोचा. गावातली तरुण पोरं-पोरी तिथे जातात आणि त्यांना मुलं होतात एक किंवा शून्य. मागे गावात कुलपं. २०२३ च्या पाहणीत जपानभर नव्वद लाख घरं रिकामी निघाली. कंपासपेटी, तुमचं अठराव्या शतकातलं लंडन परत आलंय. तेव्हा मृत्यू जास्त होते, आता जन्मच होत नाहीत, पण शहर बाहेरच्या माणसांवरच जगतंय. गावं संपली की कुणाच्या जिवावर?

---

कंपासपेटी

वजाबाकी, घरं परवडत नाहीत हे त्याचं मोठं कारण आहे. सोलमधल्या घरांच्या किमती बघा. भरपूर घरं बांधू दिली तर चित्र बदलेल.

---

वजाबाकी

टोकियो भरपूर घरं बांधतं. इतर बड्या शहरांच्या मानाने तिथली भाडी आवाक्यात आहेत. जननदर तरी एकाच्या आसपासच. घरं स्वस्त जरूर करा, पण त्याने पाळणे हलतील असं नाही. कामाचे तास आणि मुलांच्या शिक्षणाची शर्यत कुठे जाते?

---

कंपासपेटी

श्रीमंत देशांपुरता हा मुद्दा जड आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

सरळरेघ यांना मात्र उत्तर द्यायचंय. तिजोरी रिकामी असली तरी एक गोष्ट स्वस्तात होते: वाढीच्या आधी रेघा आखणं. १८११ मध्ये न्यूयॉर्कची वस्ती जेमतेम लाखभर, तीही मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला. तेव्हा आयोगाने १५५ व्या रस्त्यापर्यंत सरळ चौकटी आखून टाकल्या. पुढे शेतं आणि खडक होते. लोकांनी वेड्यात काढलं, पण नंतर शहर वर सरकलं तेव्हा रस्ता कुठून जाणार हे आधीच ठरलेलं होतं. वस्ती बसल्यावर रस्ता काढणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला. किन्शासाच्या कडेला आज निदान मुख्य रस्त्यांच्या जागा तरी राखून ठेवता येतील.

---

सरळरेघ

राखणार कोण? न्यूयॉर्कच्या आयोगाला राज्याच्या कायद्याचं बळ होतं आणि मालक कोण हे कागदावर होतं. तरीही जमीनमालक कोर्टात गेले, मोजणी करणाऱ्यांना हाकलून दिलं. किन्शासाच्या कडेला एकाच तुकड्यावर सरकारचा कागद एकाकडे, पारंपरिक मुखियाची परवानगी दुसऱ्याकडे आणि घर तिसऱ्याचं. रेघ आखायला स्वस्त, हे कबूल. पण नकाशा मंजूर व्हायच्या आधीच तो ज्यांना बघायला मिळतो, ते त्याच रस्त्याकडेची जमीन घेऊन बसतात. तुमच्या राखीव रस्त्यावर पहिलं पक्कं घर त्यांच्याच माणसाचं असेल, आणि ते पाडायला कुणी जाणार नाही.